गॅस बंद केलास का?

शनिवारी दुपारी मी आमच्या कॅम्परच्या, म्हणजे आत झोपता-रांधता येणाऱ्या गाडीच्या, टपावर पालथा पडून गॅस हीटरच्या धुराड्याच्या टोपीतून कोळ्याचं जाळं ओढून काढत होतो. खालून शेजारचे आजोबा बघत होते. त्यांनी हात हलवला, मीही हलवला, संपलं. स्टुटगार्टमध्ये अशा वेळी कुणी ‘काय चाललंय?’ म्हणून विचारत नाही. सांगलीत एव्हाना चार माणसं जमली असती. एकाने शिडी धरली असती, दुसऱ्याने ‘सरका, तुम्हाला नाही जमायचं’ म्हणत काम हातातून काढून घेतलं असतं.

जाळं मात्र सुबक होतं. एवढं मोठं ब्लॅक फॉरेस्टचं जंगल जवळ असताना कोळ्याला हीच जागा का सापडते कळत नाही. गॅसच्या वासाला भुलतात म्हणे. त्याला काय, तीन महिने चूल बंद, घर रिकामं. ऑक्टोबर आला की आम्ही त्याला बाहेर काढतो.

गाडी बावीस वर्षांची, आमच्याकडे आली ती तिसऱ्या हाताने. हीटर तिच्याच वयाचा. दाराशेजारी कपाटाच्या पायथ्याला बसवलेली तपकिरी पेटी, वर एक ते दहा आकड्यांचं बटण. बटण फिरवायचं, दाबून धरायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे. आत टक टक टक असा आवाज होतो, मग खालच्या इवल्याशा काचेत निळी फुलं उमलतात. हा टकटकाट एका पेन्सिल सेलवर चालतो, हे मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. आल्प्सच्या पायथ्याला आल्गॉयमध्ये, बाहेर उणे चार असताना, मी पाऊण तास बटण दाबून बसलो होतो. अंगठ्याला फोड आला. बायकोने शेवटी लेकाच्या खेळण्यातल्या रणगाड्याचा सेल काढून दिला. लेक अजून तो रणगाडा मागतो.

हीटर ट्रुमाचा. म्युनिकजवळची कंपनी, १९४९ची. सुरुवात गॅसच्या दिव्यांपासून केली आणि नाव घेतलं ते अमेरिकेच्या अध्यक्षांचं, ट्रुमन साहेबांचं, शेवटचा न गाळून. आपल्याकडे पोराचं नाव जवाहर ठेवत, तसंच काहीसं. ही माहिती मला कशाला हवी होती, असं बायको विचारते. तिला मी उत्तर देत नाही.

सेल बदलणं, समोरचं झाकण काढून धूळ पुसणं, गाडीखालचं हवेचं तोंड मोकळं आहे का बघणं, एवढंच माझं काम. आतल्या बर्नरला मी हात लावत नाही. त्याला दर दोन वर्षांनी परवाना असलेला माणूस येतो, नळ्यांमध्ये दाब भरून काट्याकडे बघत उभा राहतो आणि समाधान झालं की गाडीच्या मागे चकती चिकटवतो. नळी आणि रेग्युलेटर दहा वर्षांनी बदलायचे म्हणजे बदलायचे, चांगले दिसतात म्हणून चालत नाही. मागच्या खेपेला मी त्याला म्हटलं, ‘‘आमच्या आईकडचा रेग्युलेटर माझ्या मुंजीपासूनचा आहे.’’ त्याने पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

आमच्या घरी पहिला सिलिंडर आला तेव्हा आजी आठ दिवस स्वयंपाकघरात गेली नाही. ती त्याला ‘ती बया’ म्हणायची. ‘‘ती बया पेटवलीत का? मग मी इथेच बसते.’’ आजीचा विश्वास फक्त बंबावर. मागच्या अंगणात तांब्याचा बंब, चिंच लावून लख्ख केलेला. मधल्या नळकांड्यात करवंट्या आणि ढलप्या टाकायच्या, खालच्या जाळीतून निखारे पडायचे, वरून धूर. दिवाळीत पहाटे अंधारात त्या धुराचा वास यायचा आणि पाठोपाठ हाक, ‘‘आधी पाणी आहे का बघा, मग जाळ घाला.’’ एकदा काकाने न बघता जाळ घातला. बंबाचा झाळलेला डाग उडाला, तोटीच्या जोडातून गळती लागली आणि काका पुढची कित्येक वर्षं ‘बंब जाळणारा’ राहिला. त्याच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा विषय निघाला होता.

बया घरात रुळली तशी घाबरायची पाळी आईवर आली. रात्री दिवे मालवले की अंधारातून आवाज यायचा, ‘‘गॅस बंद केलास का?’’ शेगडीची बटणं नव्हे, रेग्युलेटर. कुणीतरी उठायचं, टक असा आवाज व्हायचा, मग घर झोपायचं. तो टक ऐकल्याशिवाय मला आजही झोप लागत नाही. एकदा आम्ही स्टँडवर पोचलो, कोल्हापूरची एस.टी. लागलेली, आणि आईचा चेहरा पडला. बाबा काही न बोलता रिक्षात बसून परत गेले. गॅस बंदच होता. तो नेहमी बंदच असतो.

आता असं वळण लागलेल्या माणसाने रात्रभर गॅस चालू ठेवून, त्याच्यापासून चार फुटांवर, लहानशा खोक्यात झोपायचं म्हणजे काय! पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. हीटर नको म्हणून झोपण्याआधी अर्धा तास शेगडीच पेटवली, गाडी ऊबदार केली आणि बंद केली. सकाळी काचांवरून पाणी ओघळत होतं, गादीची कड ओली. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी तयार होतं, ते सगळं आमच्या उशांमध्ये आलेलं. शिवाय जो प्राणवायू आम्ही घ्यायचा तो शेगडीने घेतलेला. हीटरचं तसं नाही. त्याची ज्वाळा बंद पेटीत. हवा गाडीच्या खालून घेतो, धूर टपावरून सोडतो, आतल्या हवेशी त्याचा संबंध नाही. फक्त पेटीचा पत्रा तापतो आणि त्याच्यावरून आपली हवा ऊब घेऊन जाते.

हे मी आईला व्हिडिओ कॉलवर तळपायापासून टपापर्यंत फोन फिरवून समजावलं. ती चष्मा वर करून बघत होती. सगळं ऐकून म्हणाली, ‘‘म्हणजे बंबच की. पाण्याच्या जागी वारा.’’

मी गप्प. इतकी वर्षं माहितीपुस्तिका वाचतोय, हे एकदाही सुचलं नव्हतं.

‘‘पण रात्री बंद करून झोप,’’ ती म्हणाली.

बाटलीचं वेगळंच. राखाडी रंगाची, अकरा किलोची, मागच्या पेटीत उभी. पेटीच्या तळाला भोक, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालून निघून जावा. आत प्रोपेन, तो उणे बेचाळीसपर्यंत वायू होत राहतो. ब्यूटेन शून्याच्या आसपासच बसकण मारतो. हीटर पूर्ण जोरात ठेवला तर ताशी २८० ग्रॅम खातो, म्हणजे कडक थंडीत दोन दिवसांत बाटली रिकामी. किती उरलाय ते बघायला मी आईचीच युक्ती करतो, ओलं फडकं बाटलीला गुंडाळायचं आणि काढायचं. वरचा भाग आधी सुकतो, जिथपर्यंत ओल राहते तिथपर्यंत गॅस. जर्मन लोक वजनकाटा ठेवतात. असो.

तरी मी रात्री तीन वाजता उठतो. माकडटोपी घालतो, बाहेर जातो, पेटी उघडतो, बाटलीला कान लावतो. वास येतो का बघतो. गॅसला वास नसतोच मुळी, मुद्दाम मिसळतात, आपल्याला कळावं म्हणून. येत नाही. परत आत.

ज्याला वास मिसळता येत नाही, ते वेगळंच. गॅस अर्धवट जळला की होणारा कार्बन मोनॉक्साइड. आमच्या मागच्या गल्लीत बारावीचा मुलगा होता. डिसेंबरची सकाळ, बाथरूममध्ये गॅसचा गीझर, थंडी म्हणून खिडकी लावून घेतलेली. दाराखालून पाणी बाहेर येत राहिलं, तेव्हा लोकांना कळलं. आईने त्या दिवशी आमच्या बाथरूमच्या खिडकीची काचच काढून टाकली. ती अजून बसवलेली नाही.

म्हणून पलंगाशेजारी पांढरी डबी लावली आहे. त्या वायूचा अलार्म. हिरवा ठिपका थोड्या थोड्या वेळाने लुकलुकतो. लेक पाय पसरून झोपलेला असतो. मी पुढच्या ठिपक्याची वाट बघतो. लुकलुकला की त्याच्या पुढच्याची.

आज सकाळी आईचा फोन आला. ‘‘थंडी आहे का रे तिकडे? रात्री गॅस बंद केला होतास ना?’’

‘‘हो, केला होता,’’ म्हटलं. हीटर तेव्हा माझ्या पायाशी दोन नंबरवर चालू होता.