शेपटीखालचे खवले

गेल्या आठवड्यात वेंगुर्ल्याच्या वाडीत नारळ उतरवले. पाडेली चढायला लागला की मी नारळ मोजायचे सोडून त्याच्या पायांकडेच बघत बसते. दोन्ही पायांत दोरीचं कडं, ते खोडावर दाबायचं, अंग वर उचलायचं, की परत कडं वर ओढायचं. कडं नसेल तर पावसाळी शेवाळलेल्या माडावर काय होईल, विचारू नका.

झेंकरेलाला हे कडं जन्मजात मिळालंय. मध्य आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या जंगलातला हा वीतभर अंगाचा, करड्या रंगाचा, झुबकेदार शेपटीचा प्राणी. दिसायला खार, पण खारीच्या कुळातला नव्हे. शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूला टोकदार खवले असतात. ते खोडाला टेकवले की घसरायची भीती नाही.

१८९८ मध्ये पाउल माट्शी या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने त्याचं बारसं केलं, कॅमेरूनमध्ये राहून झाडं-प्राणी गोळा करणाऱ्या गेऑर्ग झेंकरच्या नावावरून. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांत जगभरच्या संग्रहालयांत नमुने जमले किती? अकरा! आणि जिवंत झेंकरेला एकाही शास्त्रज्ञाने पाहिलेला नव्हता. मग आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या बियोको बेटावर, उरेका गावाजवळ, शिकाऱ्यांनी जमिनीवर लावलेल्या फासांत आणखी तीन सापडले. तेही मेलेलेच. २०१६ मध्ये त्यांच्या डीएनएवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

गंमत अशी की याचे सगळे जवळचे भाऊबंद झाडावरून झाडावर तरंगत जातात, आणि याला मात्र तरंगायचा कातडीचा पडदाच नाही. आधी वाटायचं, याच्या पूर्वजांना पडदा होता, पुढे गेला. डीएनए म्हणतो, नाही. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच याची वाट वेगळी झाली. जे कधी नव्हतंच ते जाणार कुठे?

पडदा मी हातात धरून पाहिलाय, पण आपल्याकडच्या पाखराचा, म्हणजे मोठ्या उडत्या खारीचा. मामाचं गाव घाटाच्या पायथ्याशी. तिथे एकदा सकाळी विजेच्या तारेखाली मांजराएवढं काहीतरी पडलेलं. आजी म्हणाली, "ह्यां पाखरू गो बाय. रातचा उडता." मी त्याचा पुढचा पाय बाजूला ओढला तशी कातडी छत्रीसारखी ताणली गेली. मनगटापाशी एक कडक काडी लागली, कूर्चेची. झेंकरेलाच्या तरंगणाऱ्या भाऊबंदांतही अशीच काडी असते, पण ती निघते कोपरापासून. दोन वेगळ्या घराण्यांनी एकच छत्री शिवली, काडी मात्र आपापल्या जागी लावली.

जिवंत पाखरू मला अजून दिसलेलं नाही. पाडेली खाली उतरला, उंदराने पोखरलेले नारळ बाजूला टाकले, तेव्हा त्याला विचारलं, तुम्ही तरी पाहिलंय का?

"रातचो माडार कोण चढता गो?" म्हणाला, आणि कडं खांद्यावर टाकून पुढच्या माडाकडे गेला.