रानपिंगळ्याला हाक मारणं सोडलं

आठ वर्षांपूर्वी तानसाच्या सागवनात मी फोनवर रानपिंगळ्याची, म्हणजे जंगलातल्या एका दुर्मिळ छोट्या घुबडाची, हाक वाजवली. तिसऱ्या हाकेला नर आला. समोरच्या उघड्या फांदीवर बसून शेपटी डावी-उजवीकडे झटकत ओरडत राहिला. पंजात पाल होती. वहीतल्या नोंदीप्रमाणे तब्बल बावीस मिनिटं. मादी अंड्यांवर असली की ढोलीतच बसून राहते आणि तिचं खाणं नरच आणतो, हे मी नंतर वाचलं. तो घास कुणासाठी होता, हे तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

१८८४ नंतर हा पक्षी कुणाला खात्रीने दिसलाच नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ सापडला. त्याचा आवाज ध्वनिमुद्रित झाला तो त्यानंतरच. पुढे तीच हाक वाजवून तोरणमाळ, मेळघाटात त्याचा शोध घेतला गेला. म्हणजे हाक वाजवण्याचे उपकार आहेतच. पण अभ्यासक मोजून काही मिनिटं वाजवतो, उत्तर आलं की थांबतो. दर रविवारी दहा जणांनी फोटोसाठी एकाच ढोलीपाशी वाजवणं वेगळं. पक्ष्याला वाटतं, हद्दीत दुसरा नर घुसलाय.

आता मी नुसतं ऐकतो. वनखात्याची परवानगी काढून ऑडिओमॉथ लावतो. काडेपेटीपेक्षा जरा मोठं, आपोआप आवाज टिपणारं यंत्र, तीन पेन्सिल सेल, एक मेमरी कार्ड. झाडाला खिळा मारत नाही, पट्ट्याने बांधतो. पहाटे साडेपाच ते नऊ, दर दहा मिनिटांतलं एक मिनिट.

घरी आलो की स्क्रीनवर आवाजाचं चित्र उघडतो. साध्या पिंगळ्याचा कलकलाट म्हणजे नुसता गिचमिडा. रानपिंगळ्याच्या हाका मात्र आखूड, गोलसर, सुट्या सुट्या. किती पक्षी आहेत, हे यावरून सांगता येत नाही, आणि तो गप्प असला म्हणजे तिथे नाहीच, असंही नाही. पण कुठल्या महिन्यात तो जास्त बोलतो, ओढ्यापलीकडून उत्तर येतं का, हे त्याला न छळता कळतं.

या जानेवारीतल्या एका फाईलमध्ये सहा पन्नासला त्याच्या चार हाका आहेत. पुढच्या फाईलमध्ये कुऱ्हाडीचे घाव. दुसऱ्या दिवशीही तेच. दोन्ही फाईली वेळेसकट वनरक्षकांना ऐकवल्या. कानाला हेडफोन तसाच ठेवून ते म्हणाले, "हा आवाज नाल्याच्या वरच्या अंगाचा. उद्या पहाटे जाऊ."