कारण : कुरियर

आमच्या सोसायटीच्या गेटवर एक नोंदवही असते. लांबट, लाल पाठीची, पेन दोरीने बांधलेलं. छापील रकाने आहेत: नाव, कुठून आले, फ्लॅट नंबर, गाडी नंबर, वेळ, सही. त्यांच्या मधोमध एक अरुंद रकाना, 'कारण'. त्यात काय लिहायचं हे कुणी ठरवून दिलेलं नाही, पण सवयीने पाचच शब्द तिथे येतात. पाहुणे, कुरियर, दूध, कामवाली, दुरुस्ती. यातल्या दुरुस्तीला सेक्रेटरींची चिठ्ठी लागते, कारण मागे कुणीतरी भर दुपारी ड्रिल चालवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधीची गोष्ट. चौथ्या मजल्यावरच्या अण्णांकडे पेटीवाले आले. अण्णा भजनी मंडळाला साथ करतात, आणि पावसाळ्यात ठाण्याची हवा माणसांसारखीच पेटीलाही मानवत नाही. पेटीवाले सत्तरीचे, खांद्याला झोळी, झोळीत कानस आणि बारीक पकडी.

"कशासाठी?" वॉचमनकाकांनी विचारलं.

"पेटीसाठी."

काकांनी त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "पेटी कुठंय?"

"वर आहे. अण्णांकडे."

"म्हणजे घेऊन जायचीय?"

"न्यायची नाही हो. सूर लावायचेत."

मुंबईच्या बोलीत पेटी म्हणजे एक लाख रुपये. ती वर आहे आणि न्यायची नाही, या उत्तराने काका आणखीच सावध झाले. दुरुस्ती लिहावं तर चिठ्ठी हवी, आणि सेक्रेटरी गावाला. पाहुणे लिहावं तर पेटीवाले प्रामाणिक, म्हणाले, "मी पैसे घेणार, पाहुणा कसला?" वीस मिनिटं गेली. अण्णांचा फोन लागेना, कारण अण्णा पूजेला बसलेले. शेवटी काकांनी सुस्कारा सोडला आणि त्या रकान्यात लिहिलं, 'कुरियर'. गेट उघडलं. पुढच्या वर्षी पेटीवाले आले ते गेटवरच म्हणाले, "कुरियर." दहा सेकंदांत आत.

पहिल्या वेळी मी तिथेच रिक्षाची वाट बघत उभी होते. मला हसू आलं, कारण नेमक्या याच दुखण्यावर गेली अठरा वर्षं माझं पोट चालतं. मी ऐरोलीत नेटवर्किंगचं सॉफ्टवेअर लिहिते.

इंटरनेट बांधलं तेव्हाची कल्पना अशी होती की शहाणपण दोन टोकांना असावं आणि मधल्याने फक्त पत्ता वाचून माहितीचं पाकीट पुढे ढकलावं. पोस्टमनसारखं. पुढे मध्ये नको ती पाकिटं अडवणारे फायरवॉल आले, पाकिटांना वाट दाखवणारे राउटर हुशार झाले, ऑफिसांच्या दारात पाकिटं उघडून बघणारी यंत्रं बसली. या सगळ्यांना आम्ही मिडलबॉक्स म्हणतो. मराठीत मधली पेटी म्हणायला हरकत नाही, फक्त हिचे सूर कुणी लावत नाही. ती ज्या दिवशी तयार झाली त्या दिवशी जगात जे प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे नियम, होते तेवढेच तिला ओळखता येतात. पुढे कुणी नवा आला की ती विचारते, "कशासाठी?" आणि उत्तर रकान्यात बसलं नाही की पाकीट टाकून देते. सांगतही नाही. आपले वॉचमनकाका निदान सुस्कारा तरी सोडतात.

प्रत्येक पाकिटावर एक क्रमांक असतो, आत काय आहे ते सांगणारा. टीसीपी, म्हणजे सगळं क्रमाने आणि खात्रीने पोचवणारा प्रोटोकॉल, तो ६; यूडीपी, म्हणजे पाकीट धाडून मोकळा होणारा, तो १७. ऑक्टोबर २००० मध्ये एससीटीपी नावाचा एक गुणी प्रोटोकॉल प्रसिद्ध झाला, क्रमांक १३२. एकाच जोडणीत अनेक प्रवाह, एकातलं पाकीट हरवलं म्हणून बाकीचे खोळंबत नाहीत. शिवाय एक वाट बंद पडली तर दुसरीने जाता येतं. टीसीपीची जी रडगाणी आम्ही रोज गातो त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर त्याच्याकडे तोड होती. पण तो पहिल्या वर्षीच्या पेटीवाल्यांसारखा प्रामाणिक होता. प्रत्येक गेटवर म्हणाला, "मी एकशे बत्तीस." घराघरांतल्या राउटरांना असा रकानाच नव्हता. तो टिकला मोबाइल कंपन्यांच्या आतल्या कारभारात, जिथे सगळी गेटं एकाच मालकाची असतात. पुढे ब्राउझरमधून थेट दुसऱ्या ब्राउझरकडे माहिती पाठवायची गरज पडली तेव्हा त्याची आठवण झाली, आणि त्याला यूडीपीच्या पाकिटात घालून आत घेतलं. म्हणजे तोही अखेर कुरियर म्हणूनच आला.

टीएलएसची कथा याहून गमतीची आहे. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी जे कुलूप दिसायचं त्यामागचा हा प्रोटोकॉल. त्याच्या १.३ या आवृत्तीवर चार वर्षं काम चाललं, अठ्ठावीस मसुदे झाले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. या चार वर्षांतला बराच वेळ ती सुरक्षित कशी करायची यावर गेला हे खरं, पण शेवटचा मोठा झगडा होता तो ती गेटमधून जाणार कशी याचा. चाचण्यांत दिसलं की मधल्या पेट्या १.३ बघितलं की जोडणी तोडतात. मग तोडगा असा काढला: पहिल्या नमस्कारात आवृत्तीच्या जुन्या रकान्यात लिहायचं १.२, आणि खाली पुरवणीत, जिथे या पेट्या बघत नाहीत, तिथे खरं सांगायचं. एवढ्यावर भागेना, म्हणून १.२ मध्ये असायचा तो एक निरोपही मध्येच पाठवायचा. १.३ मध्ये त्याला काहीही अर्थ नाही. नुसता चेहरा जुना दिसावा म्हणून. आणि या १.२ चा क्रमांकसुद्धा पाकिटावर ३.३ असा जातो, कारण त्याच्याआधीच्या एसएसएलची शेवटची आवृत्ती ३.० होती आणि तेव्हाही कुणाला गेट मोडायचं नव्हतं. खोट्याच्या पोटात जुनं खोटं.

हे सगळं मला आठवतं ते सकाळच्या लोकलमध्ये. ठाण्याला वाशी-पनवेलची गाडी पकडायची, ऐरोलीला उतरायचं. मध्ये आता दिघा गावही लागतं. जागा मिळाली तर डुलकी, नाही मिळाली तर फोनवर बातम्या. तेवढ्या वेळात जग किमान तीनदा बदलतं. प्रोग्रॅमिंगची अमुक भाषा मेली. तमुक फ्रेमवर्कने क्रांती केली. प्रोग्रॅमर येत्या सहा महिन्यांत संपणार, हे तर मी इतक्या वर्षांपासून वाचतेय की एव्हाना माझं वर्षश्राद्धही कैक वेळा उरकलं असेल. ऑफिसात पोचेपर्यंत साहेबांनी त्यातल्याच दोन लिंका ग्रुपवर टाकलेल्या असतात: "आपण हे वापरतोय का?" आपण काय वापरतोय ते मी एकदा सांगून पाहिलं. १९८१ च्या कागदावरचा टीसीपी, १९८३ चं डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा. साहेबांना वाटलं मी उद्धटपणा करतेय.

टीएलएस १.३ ने ओळखपाळखीची एक फेरी वाचवली. आधी काम सुरू व्हायला दोन हेलपाटे लागायचे, आता एक. ठाण्यातून अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंतचा एक हेलपाटा साधारण पाव सेकंदाचा, आणि तो प्रत्येक नव्या जोडणीमागे वाचला. याचा मथळा मी कुठे पाहिला नाही. कसा दिसणार? बातमी होते ती गळ्यात 'नवीन' अशी पाटी अडकवून गेटवर ढोल वाजवणाऱ्याची. जो खरंच नवा होता तो जुनं नाव सांगून केव्हाच वर गेलेला असतो. मला बातम्यांचा राग येतो तो त्या खोट्या असतात म्हणून नाही. त्या गेटवरच्या नोंदवहीवर विश्वास ठेवतात म्हणून.

पत्त्यांचंही तेच. बाबा नौपाड्यातल्या चाळीत वाढले. चाळीत पत्रं हरवायची, म्हणून आजोबांनी सगळीकडे कोपऱ्यावरच्या वाण्याचा पत्ता दिला होता: 'द्वारा अमुक किराणा भांडार'. निम्म्या चाळीची पत्रं त्या वाण्याकडे यायची आणि कुणाचं कुठलं हे तो डोक्यात ठेवायचा. आपल्या घरातला राउटर नेमकं हेच करतो. इंटरनेटवरचे पत्ते ठरवणारा प्रोटोकॉल म्हणजे आयपी. त्याच्या चौथ्या आवृत्तीत पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि माणसांपेक्षा फोनच जास्त. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे वाटून झाले. त्याआधीच 'द्वारा'ची युक्ती निघाली होती: बाहेर एक पत्ता, आत दहा यंत्रं. हल्ली तर कंपनी अख्ख्या वस्तीला एकच पत्ता देते, म्हणजे द्वाराचाही द्वारा.

यावरचा खरा उपाय, आयपीव्ही६ म्हणजे आयपीची सहावी आवृत्ती, पहिल्यांदा डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा मी शाळेत होते. आता माझी मुलगी शाळेत आहे आणि आमच्या घरचं ब्रॉडबँड अजून चारवरच. फोनवर मात्र सहा आहे. २०१६ मध्ये जिओने ४जी आणलं ते आयपीव्ही६ घेऊनच, आणि भारत या बाबतीत जगाच्या पुढच्या रांगेत जाऊन बसला. त्यांचं ते भलंमोठं आवार घणसोलीला, माझ्या ऑफिसपासून दोन स्टेशनांवर. कोट्यवधी लोक रातोरात सहावर गेले आणि कुणाला पत्ताही लागला नाही. (हा श्लेष मी ठरवून केलेला नाही, पण आता राहू द्या.)

द्वारा पद्धतीची एक खोड आहे. वाण्याची स्मरणशक्ती. बराच वेळ पत्र आलं-गेलं नाही की राउटर विसरतो, कोणाचं बोलणं कोणाशी चाललं होतं. म्हणून तुमच्या फोनमधली ॲपं काही बोलायचं नसतानाही थोड्या थोड्या वेळाने एक रिकामं पाकीट पाठवत राहतात. त्यात मजकूर नसतो. 'आहे हो, आहे', एवढंच. तुमची बॅटरी थोडी त्यातही जाते.

तर, गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत प्रगती झाली. नोंदवहीच्या जागी ॲप आलं. वॉचमनकाकांना एक फोन मिळाला. आता येणाऱ्याचा नंबर घ्यायचा, फोटो काढायचा, यादीतून कारण निवडायचं, मग वर फ्लॅटमध्ये घंटी वाजणार, तिथून होकार, मग गेट. नोंदवहीत दहा सेकंद लागायचे. मी एकदा घड्याळ लावलं, ॲपला पन्नास लागले, त्यातले तीस नुसतं चाक फिरत होतं. डिप्लोमाला आम्ही पास्कल शिकलो. ती भाषा बनवणाऱ्या निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलंय की हार्डवेअर जितक्या वेगाने वेगवान होतं त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंद होत जातं. काकांनी विर्थ वाचलेले नाहीत. त्यांनी नोंदवही टेबलाखाली ठेवून दिलीय. नेट गेलं की काढतात.

यादीत कारणं आहेत पाहुणे, डिलिव्हरी, कॅब, मदतनीस आणि दुरुस्ती. 'इतर' नाही.

वार्षिक सभेत मी हा विषय काढला, कारण सोसायटीतली कॉम्प्युटरवाली म्हणून माझ्याकडेच बघत होते. मी त्यांना जानेवारी २०२० मध्ये रीतसर प्रसिद्ध झालेल्या एका युक्तीबद्दल सांगितलं. तिचं नाव ग्रीस. ब्राउझर आपल्या नमस्कारात मुद्दाम काही निरर्थक, कुणालाच माहीत नसलेले क्रमांक घालतो. हेतू एवढाच की समोरच्याला अनोळखी गोष्ट बघायची आणि बघून सोडून द्यायची सवय राहावी. न वापरलेली बिजागरी गंजते, म्हणून अधूनमधून दार हलवायचं. तसं आपणही करू, मी म्हटलं. महिन्यातून एकदा कुणाकडे तरी विचित्र कारणाने माणूस येऊ दे. 'आंबे खायला'. 'भांडायला'. गेटला सवय होईल.

सभेत शांतता पसरली. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, सिक्युरिटीच्या विषयात चेष्टा नको." पुढचा विषय गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा होता. तो दीड तास चालला.

यंदा पेटीवाले आले तेव्हा मी खालीच होते. ॲपची यादी बघून ते क्षणभरही थांबले नाहीत. "डिलिव्हरी," म्हणाले. ॲपने विचारलं, कुठली कंपनी? चित्रांची रांग आली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दहा मिनिटांत भाजी पोचवणाऱ्या एका कंपनीवर बोट ठेवलं, रंग आवडला म्हणून. वर अण्णांच्या फोनवर घंटी वाजली, भाजी आली आहे. अण्णांनी होकार दिला. अर्ध्या तासाने जिन्यातून मंद्र सप्तकातला एक 'सा' ऐकू यायला लागला, थोडा उतरलेला.

पण डिलिव्हरीवाल्याने आत किती वेळ राहायचं याचा ॲपमध्ये नियम आहे. वीस मिनिटं झाली की फ्लॅटला इशारा जातो: तुमची डिलिव्हरी अजून बाहेर पडलेली नाही, सगळं ठीक आहे ना? उत्तर दिलं नाही तर खाली काकांचा फोन बोंबलतो आणि काकांना चार जिने चढावे लागतात, त्यांचे गुडघे दुखतात.

मी संध्याकाळी प्रसाद द्यायला वर गेले तेव्हा पेटी जमिनीवर उघडी पडली होती, स्वरपट्ट्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेल्या. पेटीवाले एकेक उचलून कानशीने हलकेच घासत होते आणि कान देऊन ऐकत होते. अण्णा एका हाताने भाता मारत होते. दुसऱ्या हातात फोन.

"काय चाललंय अण्णा?"

"पंचम राहिलाय अजून," अण्णा म्हणाले. मग फोन वाजला. त्यांनी न बघताच अंगठ्याने 'ठीक आहे' दाबलं. "सकाळपासून हे अठरावं. तू बस, चहा टाकतो."