न बोलणारे लक्षण

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे गाढ झोपेत होती; दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली. वाचलेल्यांपैकी कित्येकांना त्यानंतर छताखाली डोळा लागेना.

ही भीती सुरुवातीच्या दिवसांत स्वाभाविकच असते आणि बहुतेकांची ती हळूहळू ओसरते. मात्र लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यांमुळे झोप, काम व नातीगोती विस्कटू लागली, तर आघातोत्तर तणाव विकाराची, म्हणजे पीटीएसडीची, शंका घ्यायला हवी. अपघात, लैंगिक अत्याचार किंवा घरातील मारहाण यांनंतरही हा विकार होऊ शकतो, आणि काहींमध्ये तो पूर्ण रूपात सहा महिन्यांनंतर दिसतो.

दचकून उठणे, तीच दुःस्वप्ने पडणे, प्रसंग पुन्हा घडतो आहे असे वाटून घाम फुटणे, बारीकशा आवाजाने अंग शहारणे किंवा क्षुल्लक कारणावरून भडकणे हे घरच्यांच्या लक्षात येते. लक्षात येत नाही ते टाळणे. त्या रस्त्याने न जाणे, त्या दिवसाचा विषय निघताच उठून जाणे, जिव्हाळ्याच्या माणसांतही कोरडे होत जाणे, याला आपण ‘सावरला बिचारा’ किंवा ‘स्वभावच अबोल झाला’ असे म्हणतो, आणि माझ्या मते सर्वाधिक रुग्ण नेमके येथेच आपल्या नजरेतून निसटतात. ‘चूक माझीच होती’ हा ठाण मांडून बसलेला अपराधभावही असाच शांत असतो. झोपेसाठी सुरू झालेली दारू तर निव्वळ व्यसन ठरवली जाते. लहान मुले बोलत नाहीत, पण खेळात तोच प्रसंग पुन्हापुन्हा मांडतात.

अशा माणसाला खोदून खोदून विचारू नये आणि ‘विसरून जा’ असेही सांगू नये, कारण विसरणे त्याच्या हाती असते तर त्याने ते केव्हाच केले असते. निदान मानसोपचारतज्ज्ञाने किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने करावे. आघातावर केंद्रित मानसोपचारांचा चांगला उपयोग होतो, गरजेप्रमाणे औषधेही दिली जातात, आणि घटनेला अनेक वर्षे लोटली असली तरी उपचार सुरू करता येतात. कोठे जावे हे कळत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, आणि तो फोन रुग्णाच्या वतीने घरच्यांनीही करायला हरकत नाही.