ऋषीची भाजी आणि बैल

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे ऋषिपंचमीला, आमच्याकडे ऋषीची भाजी. अळू, माठ, अंबाडी, पडवळ, दोडका, भोपळा, भेंडी, मक्याच्या कणसाचे तुकडे. फोडणी नाही, मसाला नाही. चिंच आणि हिरवी मिरची, बस्स. अळू चिरताना हाताला खाज सुटते म्हणून आधी चिंचेचा कोळ चोळून घ्यायचा.

नियम एकच, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. (ट्रॅक्टरनं नांगरलेलं चालतं का, हे आमच्या घरात अजून ठरायचंय.) त्या बैलाचं मूळ ऋषिपंचमीच्या कहाणीत आहे. आटपाट नगरातली ब्राह्मणाची बायको; तिनं मासिक पाळीचा विटाळ पाळला नाही, म्हणून पुढच्या जन्मी ती कुत्री झाली आणि तिच्या संपर्कानं नवरा बैल. कारण वाचून आजही डोकं फिरतं. पण शिक्षा ज्यानं रचली तो माणूस घरात राहिलेला असणार. त्यानं दोघांना रानात सोडलं नाही. पोराच्याच दारात आणून बांधलं.

वडिलांच्या श्राद्धाला घरात खीर शिजते, आणि वडील शेतात औताला जुंपलेले! साप खिरीत गरळ टाकतो. ते फक्त कुत्री बघते. ब्राह्मण मरतील, पाप पोराच्या माथी येईल, म्हणून ती पातेल्याला तोंड लावते. सून चुलीतलं जळतं लाकूड घेऊन तिची कंबर मोडते. महाभारतात शापानं नहुष राजाचा अजगर झाला, त्याला निदान युधिष्ठिराशी धर्मावर चर्चा करायला मिळाली. हिला उष्टंसुद्धा मिळालं नाही.

रात्री गोठ्यात ती बैलाला सगळं सांगते, तो म्हणतो, मीही दिवसभर उपाशी राबलोय. मुलगा ते ऐकतो, उठून दोघांना खाऊपिऊ घालतो आणि ऋषींना उपाय विचारायला रानात जातो. तेच हे व्रत.

लहानपणी मला एकच अडायचं. रात्री बोलता येत होतं, तर दुपारीच का नाही सांगितलं, खिरीत विष आहे म्हणून?

आजीला विचारलं. पोथी मिटत ती म्हणाली, "सुनेला सांगून ऐकलं असतं होय तिनं?"

समोर आई अळूची देठं सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही.