तुम्ही विचारलंत म्हणून: टेंबलाईच्या नाटकातनं मी मध्येच का उठले

नवरात्रात आमच्या कोल्हापुरात टेंबलाईचं, म्हणजे टेकडीवरच्या त्र्यंबोली देवीचं, नाटक झालं आणि त्यातनं मी शेवटाला उठून गेले. नवरात्र संपलं, दिवाळी तोंडावर आली, तरी लोकांचं विचारणं काही संपेना. मंडईत भाजी घेताना विचारतात, लग्नात पंगतीला बसलं की शेजारची विचारते, परवा तर बँकेत लाईनीत पुढं उभ्या असलेल्या बाईंनी मागं वळून विचारलं, "अहो, तुम्हीच ना त्या, शेवटाला उठून गेलेल्या?" प्रत्येकाला दोन वाक्यांत सांगायला जाते आणि दोन वाक्यांत ते बसत नाही, मग समोरचा आपल्या मनानं काहीतरी ठरवून मोकळा होतो. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आधी जे नाही ते सांगते. माझी तब्येत बिघडली नव्हती. देवीला नाटकात आणलं म्हणून राग आला असंही नाही. आषाढात पंचगंगेचं नवं पाणी घेऊन गल्ली निघते तेव्हा पी ढबाक वाजंत्रीच्या मागं मी टेकडीपर्यंत चालत जाते, नवरात्रातल्या ललिता पंचमीला जाते, मला कुणी देवाधर्माचं शिकवायला नको आणि कुणी त्यावरनं मला जुनाट पण म्हणू नये. आणि त्र्यंबोली झालेल्या पोरीचं काम आवडलं नाही म्हणून तर अजिबातच उठले नाही. ती आमच्याच गल्लीतली, तिचे संवाद माझ्या स्वयंपाकघरात पाठ झालेत, मी पोळ्या लाटत अंबाबाईची वाक्यं म्हणायची आणि ती उत्तर द्यायची. तिला वाईट वाटलं हे मला सगळ्यात जास्त लागलंय.

नाटक चांगलंच होतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हापासून आमच्याकडं नाटक म्हणलं की आधी जीव हळहळतो, पण ही गोष्ट उघड्या मैदानातच शोभते असं मला त्या रात्री वाटलं. पेठेतलं मैदान, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुढं सतरंजीवर पोरं, वारा सुटला की माइकमध्ये घूं घूं. कोल्हासुर राक्षसाचा पोरगा कामाक्ष योगदंड फिरवतो आणि देवांची शेळ्यामेंढ्या होतात तो प्रसंग तर पोरांनी असा उचलला की सतरंजीवरची बारकी पोरं पण बें बें करायला लागली. त्र्यंबोली येते, कामाक्षाला मारते, सगळ्यांना सोडवते. मग विजयाचा सोहळा, सगळ्यांना आवतण जातं आणि जिनं सोडवलं तिलाच द्यायचं राहतं. ती रुसून गावाकडं पाठ करून टेकडीवर जाऊन बसते. इथपर्यंत मी खुर्चीच्या कडेवर आलेले.

मग अंबाबाई तिची समजूत काढायला टेकडीवर जाते. तू कोल्हासुर कसा मारलास ते मला दाखव, असं त्र्यंबोली म्हणते आणि अंबाबाई कोहळा फोडून दाखवते. (काही जण सांगतात की कोहळ्याचा मान कोल्हासुरानंच मरताना मागून घेतला होता. मी दोन्ही ऐकलंय.) नाटकात खरा कोहळा होता, चांगला मोठा, त्याच्यावरची पांढरी भुकटी अंबाबाईच्या हिरव्या शालूला पोटाशी लागलेली पहिल्या रांगेतनं स्पष्ट दिसत होती. त्रिशूळ बसला, कोहळा फुटला, बिया आणि कुंकू स्टेजभर झालं. आणि त्यानंतर अंबाबाईनं हात पसरले, त्र्यंबोली टेकडीवरनं धावत खाली आली, दोघींनी मिठी मारली, हातात हात घालून गावाकडं निघाल्या, वरनं फुलं पडली. मी त्या मिठीला उठले.

आता गोष्टीत असं नाही. गोष्ट सोडा, आपण डोळ्यानं बघतो त्यात तरी असं कुठं आहे? ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी निघते, तुळजाभवानीची निघते, शाहू मिल, टाकाळा करत टेकडीवर जाते, कुमारिका त्रिशूळानं कोहळा फोडते, तुकडा घरात असावा म्हणून माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात, दरवर्षी पोलिसांना घाम फुटतो. आणि मग पालखी परत येते. टेंबलाई येत नाही. ती तिथंच असते, पाठ करून. जिच्याकडनं राहिलं तिनं दरवर्षी गाव सोडून वर जायचं आणि तिच्यासमोर ते सगळं परत करून दाखवायचं. एकदा केलं, मिटलं, असं ते नाहीच मुळी. मिठी मारून खाली आणली की पुढच्या वर्षी पालखी जाणार कुणाकडं?

हे मला पण आधी कळत नव्हतं. कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर टेकडीवर उभी राहून मी मोठ्या तोंडानं म्हणायची की आवतण नाही आलं एवढ्यावरनं देवीनं रुसायचं म्हणजे काय, बायकांना भांडकुदळ दाखवायला रचलेल्या गोष्टी ह्या. आजी म्हणायची, "ती रुसली नसती तर अंबाबाई वर गेली असती व्हय?" मी तेव्हा आजीला अडाणी समजायचे. त्या वयातल्या मला आज पण पूर्ण खोडून काढता येत नाही हं. बायकांचं रुसणंच का लक्षात ठेवायचं, हा तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण 'एवढ्यावरनं' असं ती म्हणाली ते मात्र मी आता म्हणणार नाही.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा थोरली पुण्यात, भाऊ नोकरीत, मी इथं. म्हणून माझ्याकडं आले, कुणी कुणावर लादलं नाही. पैसे थोरली पाठवायची, वेळच्या वेळी, ते मी नाकारणार नाही. पण रात्री कूस बदलायला पैसे उठत नाहीत. भरवणं, पुसणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर, त्यांची चिडचिड, माझी चिडचिड, हे सगळं ह्या घरात झालं. ते गेले. पुढं थोरलीनं इथंच गावाबाहेर बंगला बांधला आणि वास्तुशांत केली. मला ते कळलं मामेबहिणीच्या स्टेटसवरनं. दुपारी जेवण आवरून फोन हातात घेतला तर होम चाललेला, भाऊ-भावजय धोतर-शालूत, पुण्याची सगळी माणसं, थोरलीच्या शेजारणी पण, आणि मागं भिंतीवर हार घातलेला बाबांचा फोटो. तो फोटो मी महाद्वार रोडवरनं मोठा करून आणलेला होता. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यातला टवका पण दिसत होता.

मी फोन केला. भांडायला नाही, मला खरंच वाटलं की माझाच एखादा मेसेज बघायचा राहिला असेल. ती म्हणाली, "अगं, तू घरचीच. तुला काय वेगळं आवतण द्यायचं? मला वाटलं भावजयीनं सांगितलं असेल." तिच्या आवाजात खोटं नव्हतं. मुद्दाम टाळलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, मिटलंही असतं. ती विसरली होती. एवढ्या माणसांची यादी करताना मी तिच्या डोक्यातच आले नव्हते, आणि ह्याच्यावर भांडायचं कसं ते मला आजतागायत सुचलेलं नाही.

नंतर ती आली, संध्याकाळची, बुंदीचे लाडू आणि साडी घेऊन. बाबांच्या कॉटवर बसली. खूप रडली, चुकलं म्हणाली. मी चहा केला. लाडू घेतले, साडी घेतली. सवाष्ण दारातनं तशीच जाऊ नये म्हणून तिची ओटी भरली. आणि दारात तिनं हात पसरले तेव्हा माझ्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. ते ठेवायला शेजारीच स्टूल होतं. मी ठेवलं नाही. ती ताटासकट मला अर्धवट धरून गेली, तिच्या पदराला कुंकू लागलं. तेव्हापासून सणासुदीला ती येते. मी तिच्या बंगल्यात अजून पाय ठेवलेला नाही.

लोक म्हणतात सोडून दे, सख्खी बहीण आहे, आयुष्य केवढं. जे म्हणतात त्यातल्या एकानं तरी तिला विचारलंय का की तुझ्याकडनं कसं राहिलं? मलाच का सांगता? मी तिला दार बंद केलेलं नाही. तिच्याबद्दल चारचौघांत वाईट बोलले नाही, आज पहिल्यांदा लिहितेय. मी फक्त गेलेले नाही.

आणि हे पण लिहायला पाहिजे, नाहीतर वरचं सगळं अर्धंच राहील. स्टेजवर अंबाबाईनं हात पसरले तेव्हा एक क्षण मला वाटलं की पोरी, धाव. मनापासून वाटलं. आणि ती धावली, आजूबाजूच्या बायका डोळे पुसायला लागल्या, टाळ्या पडल्या, तेव्हा मला तिथं बसवेना. शेवट बदलला म्हणून उठले का मला तोच शेवट हवा होता म्हणून उठले, ते मला सांगता येत नाही. दोन्ही असेल.

नाटक बसवणाऱ्या मुलाशी बोलले मी. तो म्हणाला, काकी, लोक सणाचे येतात, त्यांना रुसवा दाखवून घरी कसं पाठवायचं? मी म्हणलं, अरे, हीच माणसं पाठ करून बसलेल्या देवीला नारळ देऊन हसत घरी जातात की. मग तो म्हणाला की नटानं प्रेक्षकांकडं पाठ करून उभं राहायचं नसतं, चेहरा दिसत नाही, आवाज माइकला लागत नाही. मी म्हणलं, तिला बोलायचंच नाहीये तर माइक कशाला?

पोरीची मात्र मी समजूत काढली, तिच्या घरी जाऊन. ती म्हणाली, "काकी, पण धावताना मला खरंच रडायला आलं होतं, ते काय खोटं होतं का?" खोटं नव्हतं. ते मी तिला सांगितलं. पुढच्या नवरात्रात परत प्रयोग करायचा म्हणतायत, शेवट तोच ठेवणार आहेत. मी जाणार आहे, पहिल्याच रांगेत बसणार आहे आणि तेव्हा परत उठले तर कृपा करून विचारू नका.

भाऊबीज यंदा थोरलीच्या बंगल्यावर आहे. तिनं ह्या वेळी स्वतः फोन करून सांगितलं, नंतर भाच्याला पाठवून परत सांगितलं. जाणार का, ते अजून ठरलेलं नाही.