तबल्याची किनार आणि परक्याचा स्क्रूड्रायव्हर

नेदरलँड्समधल्या आयंडहोवनमध्ये कॅसेट डेक दुरुस्तीला न्यायचा म्हटलं, की पहिला धक्का बसतो तो हा: दुरुस्ती तुम्हीच करायची. रिपेअर कॅफे हा प्रकार २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू झाला आणि आता गावोगावी आहे. जाणकार मंडळी टेबल मांडून बसतात, पैसे मागत नाहीत, पण स्क्रूड्रायव्हर शक्यतो तुमच्याच हातात देतात. शिवाय गर्दी असेल तर माणशी एकच वस्तू. डेक ही एक वस्तू झाली. मग त्यात अडकलेली कॅसेट? ती दुसरी! नागपुरात बर्डीवरच्या बाजारातल्या टेपवाल्याला हे ऐकवा. चहा थंड व्हायच्या आत तो झाकण उघडणार, टेप वाचणारं हेड पुसून देणार, आणि गिऱ्हाइकानं मध्ये बोट घातलं तर खेकसणार. मला अजून त्याचीच पद्धत जास्त माणसाची वाटते. मात्र तो आता मोबाइलच्या काचा बदलून राहिला आहे, तेव्हा शिकायला तर लागणारच.

शिकायला कॅसेट कोणती घ्यावी? इंडियन ओशनची ‘कंदिसा’, साल २०००. दिल्लीचा हा बँड १९९० मधला. सुस्मित सेनची गिटार, राहुल रामचा बेस, अमित किलमचे ड्रम्स, आणि तबला वाजवता वाजवता गाणारा असीम चक्रवर्ती, जो २००९ मध्ये गेला. ‘हिले ले’चे शब्द गोरख पांडेंचे, ‘मा रेवा’ नर्मदेचं. राहुल राम नर्मदा आंदोलनात होता, आणि रेवा म्हणजे कोण हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. शीर्षकगीत तर आरामेइक या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेतलं, तरी सगळे छाती काढून म्हणायचे. ज्याचा प्रत्येक ठोका पाठ आहे, त्या कॅसेटवर मशीनचा दोष लगेच पकडता येतो.

आधी बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा धागे दिसले तर कॅसेट डेकमध्ये घालू नका. नागपुरात हे पावसाळ्यापेक्षा कूलरनं जास्त होतं: एप्रिल ते जून खोलीत दमट हवा, आणि कपाट नेमकं कूलरसमोर. इथे नेदरलँड्समध्ये सलग पाच दिवस २५ अंश आणि त्यातले तीन ३० च्या वर गेले की उष्णतेची लाट जाहीर होते. आपल्या कॅसेटींनी ४५ अंश सोसले, हे कोणी तरी त्यांना सांगा. अशी कॅसेट सिलिका जेलसोबत झिपच्या पिशवीत दोन आठवडे ठेवा, मग एन-९५ मास्क लावून उघडा आणि कडा मऊ कोरड्या ब्रशनं झाडा. चालवायची ती जुन्या, वाया गेला तरी चालेल अशा डेकवर, कारण बुरशी डेकमार्फत पुढच्या कॅसेटला लागते. प्रत्येक बाजूनंतर हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. टेप पुढे ओढणाऱ्या रबरी पिंच रोलरला साबणाच्या पाण्याचं ओलसर कापड पुरे.

दुसरं, पॅड. टेपला हेडवर दाबणारा फेल्टचा तुकडा पितळी पट्टीवरून निसटतो, किंवा पॅड स्पंजचा असेल तर त्याचा चुरा होतो. मग आवाज येतो-जातो. फेविक्विक लावू नका. ते फेल्टमध्ये शोषलं जाऊन कडक होतं आणि टेपला ओरखडे पाडतं. पाच स्क्रूवाली साधी कोरी कॅसेट उघडून तिची पट्टी पॅडसकट काढून बसवा. तुमची कॅसेट बिनस्क्रूची, चिकटवलेली असेल तर पातळ पात्यानं सांध्यावर फोडा आणि टेप गुंडाळलेल्या दोन्ही चकत्या नव्या खोक्यात हलवा. मधले पातळ कागद विसरू नका, नाहीतर टेप अडकते. तुटलेली टेप सेलोटेपनं जोडू नका. गोंद पाझरून शेजारच्या वेढ्याला चिकटतो.

आता अझिमथ, म्हणजे टेपच्या वाटेशी हेडचा कोन. यासाठी एवढा खटाटोप. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे १० हजार हर्ट्झची एक लाट टेपवर ५ मायक्रॉनपेक्षाही लहान. हेड केसभर तिरपं झालं की बारीक आवाज गेलाच. ‘रेकॉर्डिंगच दबलेलं होतं’ असं आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो. दबलेलं काही नव्हतं. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवाला स्क्रू असतो, बहुधा रंगाच्या ठिपक्यानं पक्का केलेला. त्याची मूळ जागा पेननं खुणावून ठेवा. डॉल्बी (खरखर कमी करणारं बटण) बंद करा, आवाज मोनो करा, असीमच्या तबल्याची किनार आणि किलमची झांज वाजते तो भाग लावा आणि स्क्रू एक अष्टमांश फेऱ्यानं फिरवा. मोनोमध्ये डावा आणि उजवा आवाज एकमेकांना खाणं थांबवतात तो क्षण एकदम कळतो: किनारीचा ‘ना’ बोटाला टोचल्यासारखा वाजतो. घरी भरलेल्या प्रत्येक कॅसेटला हे पुन्हा करावं लागतं, कारण ती ज्या मशीनवर भरली त्याचा तिरपेपणा तिच्यात उतरलेला असतो. इथल्या रिपेअर कॅफेतल्या काकांनी हे मला शब्दानं सांगितलं नाही, फक्त कान पुढे केला. हे मान्य करायला जड जातं, पण बर्डीवर तो स्क्रू कोणी आम्हाला हातही लावू दिला नसता.

‘कंदिसा’तले लांब सूर लाटेसारखे हलत असतील तर मोटरवरून चाक फिरवणारा रबरी बेल्ट सैल झाला आहे. जुना बेल्ट डांबरासारखा विरघळलेला सापडतो. पुलीवरचं काळं आयसोप्रोपिलनं पूर्ण निघाल्याशिवाय नवा चढवू नका.

कॅसेट संगणकात भरून घ्यायची तर आधी टेप एकदा पुढे-मागे पूर्ण गुंडाळा, म्हणजे ताण सारखा होतो. हेडफोनच्या नव्हे, लाइन-आउटच्या पिनेतून घ्या. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलवर. तासाला साधारण १ जीबी लागतो.

‘कंदिसा’ ऑनलाइन मिळतेच, तिच्यावर फक्त हात बसवा. माळ्यावरून आधी उतरवायच्या त्या कॉलेजच्या गॅदरिंगच्या आणि आजीच्या आवाजाच्या कॅसेटी. झाल्या की पूर्ण एका बाजूला गुंडाळून उभ्या ठेवा, कूलरपासून लांबच्या कपाटात.